पुरानंतरचे दिवे

पाण्यात उभी राहिलेली गाडी गॅरेजात आली की जाणता मेकॅनिक आधी बॉनेट उघडत नाही. मालकाच्या तोंडाकडे पाहतो आणि विचारतो, "सेल्फ मारला का?"

"नाही जी, हातच नाही लावला."

मेकॅनिक काही बोलत नाही. मग मालकच जरा वेळाने सांगतो, "एकदाच मारला. म्हटलं पाहा, चालू होते का."

त्या एकदाच्या सेल्फची किंमत कधी कधी अख्ख्या इंजिनाएवढी होते. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबायला जातो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. विम्याचा सर्वेअरही हाच प्रश्न विचारतो, कारण पुराचं नुकसान विम्यात धरलं जात असलं तरी पाण्यात इंजिन फिरवून ओढवून घेतलेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मान्य होत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी पुरवणी घेतलेली असावी लागते, आणि ती घेतलेला माणूस आपल्याकडे विरळाच.

पण इंजिनाचं दुखणं निदान लवकर कळतं. इंजिन फिरतं किंवा फिरत नाही, तेल दुधाळ होतं किंवा होत नाही. विजेचं दुखणं तसं नाही. पाणी उतरतं, गाडी धुऊन-पुसून उन्हात उभी राहते, चालूही होते, मालक देवाला नारळ फोडतो. पुढे पंधरा-वीस दिवसांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, एखाद्या सकाळी मीटरवर दिवे लागतात. पिवळं इंजिन, पिवळं एबीएस, लाल एअरबॅग, स्टीअरिंगच्या चाकाचं चिन्ह. सगळे एकदम. पुराशी त्यांचं नातं तोवर घरातलं कुणी लावतही नाही.

वाशिमचा पूर चिपळूणसारखा नसतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा एसटीचं आगारही बुडालं आणि बाजारपेठेत पाणी ठाण मांडून बसलं. वाशिम जिल्हा मात्र पाणलोटाच्या माथ्यावर आहे. इथली काटेपूर्णा उत्तरेला निघते आणि पूर्णा-तापीच्या वाटेने अरबी समुद्राकडे जाते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेला मिळतात, म्हणजे त्यांचं पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. उगमाकडचे हे नदी-नाले झपाट्याने चढतात आणि झपाट्याने उतरतात. बुलढाणा जिल्ह्यातून येणारी पैनगंगा रिसोड तालुक्यात काठची शेतं खरडून नेते, सोयाबीन झोपवते. पण गाड्या बुडतात त्या बहुतेक नाल्याकाठच्या वस्तीत घरापुढे उभ्या असताना, नाहीतर रपट्यावरून "निघून जाईल" म्हणून घातल्यावर. रात्री पाणी चढतं, सकाळी अंगणात नुसता चिखल असतो. पाणी इतक्या लवकर ओसरतं म्हणूनच नुकसान थोडक्यात आटोपलं असं वाटतं.

आणि तो चिखल काळ्या मातीचा. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी ही माती पाणी धरून ठेवते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचा तो गुणच आहे. कपाशी-तुरीला तो उपकारक, गाडीच्या वायरिंगला घातक. नदीची वाळू वाळली की झटकून पडते. काळी माती कपलरच्या फटीत जाऊन बसली की वरून कोरडी दिसते, आतून ओलच धरते, आणि हवा दमट झाली की पुन्हा ओली होते.

आता ती ओल करते काय, ते पाहू. घरापुढे बुडालेल्या गाडीची चावी मालकाच्या खिशात असते, पण बॅटरी जोडलेली असते. गाडी बंद असली तरी तिच्या काही वायरींमध्ये बारा व्होल्ट कायम उभे असतात: घड्याळाला, लॉकला, निरनिराळ्या कंट्रोल युनिटांच्या स्मरणाला. पुराचं पाणी म्हणजे क्षार विरघळलेलं, वीज वाहणारं पाणी. कपलरच्या आत अर्ध्या बोटाच्या अंतरात एक पिन बारा व्होल्टची, शेजारची शून्याची, आणि मधे हे पाणी. शाळेत दोन सळया पाण्यात बुडवून केलेला विद्युतविघटनाचा प्रयोग आता तुमच्या गाडीच्या कितीतरी कपलरांमध्ये एकाच वेळी सुरू होतो. धन बाजूच्या पिनवरचा कथलाचा मुलामा आधी जातो, मग खालचं तांबं विरघळू लागतं. मागे राहतो तो हिरवट-निळा बुरा. म्हणून बुडालेल्या गाडीला पहिला हात लावायचा तो चावीला नव्हे, बॅटरीच्या काळ्या वायरीला. दहा नंबरचा पाना आणि दोन मिनिटं पुरतात. ती वायर त्याच रात्री सुटली तर पुढचं अर्धं काम वाचतं. आपल्याकडे ती सुटते गॅरेजात, आठवड्याने.

जुन्या गाड्यांचं असं नव्हतं. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० किंवा जीपला कॉइल, डिस्ट्रिब्युटर, दिवे आणि हॉर्न एवढाच विजेचा संसार. पॉइंट पुसले, प्लग वाळवले की गाडी रस्त्याला लागे. आजच्या साध्या हॅचबॅकमध्येही इंजिनाचं, ब्रेकचं, एअरबॅगचं, स्टीअरिंगचं, दारं-काचांचं अशी वेगवेगळी कंट्रोल युनिटं असतात. एप्रिल २०१९ पासून नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिन, जानेवारी २०२२ पासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग. नियम योग्यच आहेत, त्यांनी जीव वाचतात. पण त्यांच्याबरोबर मीटरवरचे दिवे वाढले आणि ते वाचणारी माणसं तेवढ्या वेगाने वाढली नाहीत.

ही सगळी युनिटं आपापसात बोलतात ती दोन वायरींवरून. एकमेकींना पीळ घातलेल्या या जोडीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. त्याआधी प्रत्येक गोष्टीला वेगळी वायर ओढावी लागे. कॅनमुळे चाकाचा वेग एबीएसच्या युनिटने एकदा सांगितला की मीटर, इंजिन, स्टीअरिंग सगळेच तो ऐकतात. सोय मोठी, आणि पुरानंतरची गोची हीच. दोन वायरींपैकी एक कुठे तुटली, कुजली, तर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावतो. यंत्रं सगळी शाबूत असतात, संवाद तुटलेला असतो.

मेकॅनिक स्कॅनर लावतो तेव्हा त्याला कोड दिसतात. 'पी'ने सुरू होणारे इंजिन-गिअरचे, 'सी'चे ब्रेक-चाकांचे, 'बी'चे बॉडी आणि एअरबॅगचे, 'यू'चे आपसातल्या बोलण्याचे. यू ०१०० म्हणजे इंजिनाच्या युनिटशी संपर्क तुटला. यू ०१२१ म्हणजे एबीएसच्या युनिटशी. आता कोड एबीएसचं नाव घेतो म्हणून एबीएसच बदलायचं ही आपल्याकडची सर्वांत महागडी चूक आहे. संपर्क तुटल्याची तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो निर्दोष असू शकतो. फोन लागत नाही म्हणून माणूस वारला असं कुणी धरत नाही.

वाशिमला पुसद नाक्याकडच्या एका गॅरेजात हे सगळं डोळ्यांनी पाहायला मिळालं. गाडी रिसोड तालुक्यातल्या एका शिक्षकांची, पाच-सहा वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक. रात्री घरापुढे पाणी आलं ते सीटच्या गादीला टेकलं आणि पहाटेपर्यंत उतरलं. त्यांनी आठवडाभर दारं उघडी ठेवून गाडी वाळवली, मॅटिंग धुतलं, डिझेल पंपावरून हवा आणून मारली. गाडी चालू झाली. महिनाभराने दिवे लागले. चालता चालता स्पीडचा काटा एकदम शून्यावर यायचा, इंजिन मात्र सुरूच. स्टीअरिंग जड व्हायचं. कधी कधी सकाळी सेल्फ फिरायचा, पण गाडी पकडायची नाही. आधी दाखवली त्या ठिकाणी एबीएसचं पूर्ण युनिट बदलायला सांगितलं होतं. गुरुजींनी आकडा ऐकला आणि गाडी घेऊन परत आले.

इथल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, कोड वहीत लिहून घेतले आणि स्कॅनर बाजूला ठेवला. कोड लगेच पुसले नाहीत, हे मला विशेष वाटलं. पुसले की पुरावाच जातो. मग त्याने साध्या मल्टिमीटरने बॅटरी मोजली. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास, इंजिन चालू केल्यावर चौदाच्या थोडं वर. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर ठीक. मग इंजिन सुरू ठेवून, हेडलाइट लावून, मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी बॉडीला. अर्थिंगमध्ये किती व्होल्ट हरवतात ते यात दिसतं. दशांश एक व्होल्टच्या आत असलं तर चांगलं. पुढच्या डाव्या बाजूला, चिखल साचलेल्या बोल्टापाशी, त्याहून बरंच जास्त निघालं. बोल्ट काढला, खालचा गंज कानशीने घासला, परत कसला. कोडमध्ये या बोल्टाचा उल्लेख कुठेच नव्हता. तो नसतोच.

त्यानंतरचा भाग खरा पाहण्यासारखा. बॅटरी सोडली. डॅशबोर्डखाली, गुडघ्याच्या वर, स्कॅनर लावायचा सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यातल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिना कॅनच्या. या जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, त्यामुळे दोन्ही मिळून मीटरवर ६० दिसायला हवेत. दिसले १२०. म्हणजे एक टोक वाटेत कुठेतरी तुटलेलं. मीटर तसाच लावून मेकॅनिक चालकाच्या पायाजवळ आडवा झाला, उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढली आणि उजव्या पायाच्या बाजूला दडलेल्या वायरींच्या जुडग्याला हात घातला. जुडगं हलवलं की मीटरवर ६०. सोडलं की १२०. पुन्हा हलवलं, ६०.

"गुरुजी, या पाहा. तुमचं एबीएस चांगलं हाय. त्याचं बोलणं कोणाले आयकू येऊन नाही राह्यलं."

त्या जुडग्यात पांढरा मोठा कपलर होता. बाहेरून स्वच्छ. गुरुजींनी गाडी धुतली होती ना. उघडल्यावर आत काळ्या मातीची वाळलेली साय आणि तीन-चार पिनांवर हिरवा बुरा. कॅनची एक पिन टोचणी लावताच मोडून हातात आली. गाडीच्या पुढच्या भागातली युनिटं आणि केबिनमधली युनिटं यांच्यामधला पूल तोच होता. इंजिन आणि एबीएस पलीकडे, मीटर आणि स्टीअरिंग अलीकडे. म्हणून काटा शून्यावर यायचा आणि इंजिन तरीही चालू राहायचं. आणि चावी ओळखणारं इमोबिलायझरही अलीकडे, त्याची परवानगी पलीकडे पोचली नाही तर सकाळी गाडी पकडायची नाही. या सगळ्या तक्रारी एका पिनेवर जुळल्या.

दुरुस्तीतही मेख आहे. पाणी वायरीच्या बारीक तारांमधून, आवरणाच्या आत, वर चढतं. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसंच. म्हणून पिनेपाशी वायर कापून भागत नाही. मेकॅनिक सोलत मागे गेला. पहिल्या बोटभर लांबीत तांबं काळं पडलेलं होतं, मग तपकिरी, मग कुठे चकाकलं. तिथून नवा तुकडा जोडला, नवी पिन क्रिंप केली, जोडीला पूर्वीसारखा पीळ दिला. नुसती वायर पिळून टेप गुंडाळली असती तरी त्या दिवशी दिवे विझलेच असते. पुढच्या पावसाळ्यात परत लागले असते. बाकीचे कपलर डिस्टिल्ड वॉटरने धुतले, कारण नळाच्या पाण्यात पुन्हा क्षारच असतात. मग कॉन्टॅक्ट क्लीनर, मग कोमट हवा. खूप गरम हवेने प्लास्टिक वाकतं आणि रबराचे सील सुटतात, मग पाण्याला नवी वाट.

तीन दिवे विझले. एअरबॅगचा लाल दिवा तसाच राहिला, आणि त्याच्यापुढे मेकॅनिकने हात जोडले.

एअरबॅगचं युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याखाली, जमिनीलगत मधोमध बसवलेलं असतं. टक्कर नीट कळावी म्हणून ती जागा योग्य, पुराच्या दृष्टीने सर्वांत वाईट. सीटपर्यंत पाणी आलं म्हणजे ते बुडालंच. सीटखालचे पिवळे कपलरही बुडाले. हे युनिट उघडून, पुसून, वाळवून परत बसवायचं नसतं, बदलायचंच असतं. त्याच्या वायरी मल्टिमीटरने मोजायच्याही नसतात. मीटरच्या ओहमच्या फेरीत बारीकसा करंट जातो आणि एअरबॅग फोडणाऱ्या स्फोटकाशी तो खेळ कुणी करू नये. बॅटरी सोडून काही मिनिटं थांबल्याशिवाय पिवळ्या कपलरला हात लावत नाहीत. गुरुजींना अकोल्याला जाऊन नवं युनिट बसवून, गाडीच्या नंबराशी जुळवून घ्यावं लागलं. खर्च झाला, पण हा खर्च खरा होता. आधी सांगितलेला एबीएसचा खोटा होता.

एक तक्रार वेगळीच होती: गाडी उभी राहिली की बॅटरी उतरायची. ते प्रकरण मात्र हसण्यासारखं निघालं. बंद करून झोपी गेलेली गाडी साधारण पन्नास मिलिअँपिअरच्या आत वीज खाते. ही तीनशेच्या वर खात होती. मागच्या दाराच्या स्विचमध्ये माती बसली होती, त्यामुळे दार उघडंच आहे असं समजून गाडी रात्रभर जागी राहायची. स्विच काढला, धुतला, लावला. झोपली.

विजेचं हे दुखणं फक्त खिशाला लागतं असं मानू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काही माणसं स्वतःच्या कारमध्येच गुदमरून गेली. पाणी चढल्यावर पॉवर विंडो चालेनात, सेंट्रल लॉक सुटेना, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडेना. रपट्यावर पाणी असताना गाडी घालणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की काच उघडायची वेळ आधी असते, नंतर नसते. गाडी घालूच नये हे तर झालंच.

विम्याचं गणित थोडक्यात. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर पुराचा रुपया मिळत नाही. पूर्ण पॉलिसी असेल तर मिळतो, पण प्लास्टिक-रबराच्या भागांवर आणि बॅटरीवर निम्मी घट धरतात, झिरो डेपची पुरवणी नसेल तर. पंचनाम्याइतकेच फोटो महत्त्वाचे: पाणी असतानाचे, आणि उतरल्यावर दारावर उमटलेल्या चिखलाच्या रेघेचे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेल्या गाडीचं वायरिंग आणि युनिटं मिळून हा आकडा पटकन ओलांडतात.

टोटल लॉस झालेली गाडी कुठे जाते? लिलावात. तिथून कुणीतरी ती घेतो, धुतो, दिवे विझवतो आणि विकतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत घरांच्या तळमजल्यांत, पार्किंगमध्ये उभ्या गाड्या बुडाल्या. शहरात कुठेही असा पूर आला की पुढच्या दोन-चार महिन्यांत आसपासच्या जिल्ह्यांत 'शहरातली, एकहाती, कमी चाललेली' गाडी स्वस्तात मिळू लागते. समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगावावरून जातो, नागपूर आता काही तासांवर आहे. आरसी बुकावर 'ही गाडी पुरात बुडाली होती' असा रकाना नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत तसा शिक्का कागदावर मारतात. आपल्याकडे ज्याचं त्याने पाहायचं.

पाहायचं कसं, हे त्याच मेकॅनिकने सांगितलं, आणि मला त्यात तथ्य वाटलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का पाहा. डिकीत स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा. मॅटिंग एका कोपऱ्यात उचला. उंबऱ्याच्या पट्टीतले कपलर एखादा उघडायला सांगा. विकणारा "कायले उघडता भाऊ" म्हणाला की उत्तर मिळालंच. स्कॅनर लावून एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका. इंजिनाच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसत असतील तर कोड आदल्या दिवशीच पुसलेत असं समजा. चांगली दहा-वीस किलोमीटर चालवून पुन्हा लावा.

आणि सगळ्यात आधी, पैशाचं बोलण्याआधी, चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि पाच-सहा सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. विझला नाही तर एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड आहे; भाव पाडून घेता येईल. पण तो लागलाच नाही, किंवा ऑइलच्या दिव्याबरोबर लागून, इंजिन चालू केल्यावरच त्याच्याबरोबर विझला, तर कुणीतरी त्याचा बल्ब काढलाय नाहीतर वायर दुसऱ्या दिव्याला जोडलीय. अशा गाडीची चावी तिथल्या तिथे परत द्या.